मुलगी 9 महिन्यांची, सिझर झालेलं आणि परत दिवस गेलेत, काय करू?

चिऊचीआई_इंदूर

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबण लागेल, समजून घ्या. माझी चिऊ परवाच 9 महिन्यांची झाली, सिझर झालं होतं. सहा महिने फक्त अंगावर पाजलं, मग नाचणीची पेज, वरणभात सुरू केला तेव्हापासून रात्रीचंच पाजते. पाळी सातव्या महिन्यात आली, मग एकदा आली आणि आता 41 दिवस झाले. मला वाटलं पाजतेय म्हणून मागेपुढे होत असेल. सगळे म्हणायचे ना की दूध पाजत असताना काही होत नाही, म्हणून आम्ही कधी काळजी घेतली, कधी नाही. परवा सकाळी पोह्याला फोडणी घातली आणि त्या वासानेच भडभडून आलं, चिऊच्या वेळी अगदी असंच झालं होतं. टेस्ट केली तर दोन रेघा, दुसरी पण चांगली ठळक.

घरात प्रत्येकाचं वेगळंच. हे खूश आहेत पण माझं तोंड बघून गप्प बसतात. सासूबाई म्हणतात होऊन जाऊ दे, दोघं बरोबर मोठी होतील, पसारा एकदाच. माझी आई देवासला असते, ती फोनवर रडायलाच लागली की आतले टाके उसवतील, एवढ्यात कसं गं. आणि शेजारची वहिनी म्हणते मेडिकलवर गोळी मिळते, दोन दिवसांत मोकळी होशील, कोणाला कळणार पण नाही.

मला खरं सांगायचं तर भीती वाटतेय. टाक्याच्या वरची कातडी अजून बधिर आहे, हात लावला तर आपला वाटतच नाही, आणि चिऊ आता माझ्या पोटावर पाय रोवून उभी राहते तेव्हा आत काहीतरी ओढल्यासारखं होतं. मागच्या वेळी 14 तास कळा दिल्या, मग रात्री अचानक धावपळ सुरू झाली, कागदावर सही घेतली आणि आत नेलं. का नेलं ते आजपर्यंत कोणी नीट सांगितलं नाही. एक म्हणाली बाळाचे ठोके कमी झाले, दुसरी म्हणाली तुमचा रस्ताच लहान आहे. डिस्चार्ज कार्डावर फक्त एलएससीएस (म्हणजे सिझर), मुलगी, 2.9 किलो एवढंच आहे.

ठेवलं तर आता परत सिझरच का? टाके खरंच उसवतात का? चिऊचं दूध आजपासून बंद करायचं का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, दोन रात्री झोप नाहीये.

राजेंद्रनगरची_वहिनी

अगं आधी एक ग्लास पाणी पी आणि शांत बस. माझ्या दोन मुलांत 19 महिन्यांचं अंतर आहे आणि दोन्ही सिझर, आता एक पाचवीत आहे आणि एक तिसरीत. म्हणजे होत नाही असं नाही. पण सोपं होतं असंही मी म्हणणार नाही, कारण मला कोणी खरं सांगितलं नव्हतं, सगळे आपले "हो जाएगा सब" म्हणत होते.

माझा प्रॉब्लेम टाक्यांचा नव्हताच, रक्ताचा होता. पहिल्या बाळंतपणात रक्त गेलेलं, ते भरून यायच्या आत दुसऱ्याने घ्यायला सुरुवात केली. हिमोग्लोबिन 8.4. गरोदर बाईला 11 पाहिजे. जिना चढला की छाती धडधडायची आणि मी समजायचे की थकवा आहे, छोटं मूल आहे, होणारच. गोळ्या घ्यायचे पण सासरी सकाळी चहा आणि त्याच्याबरोबरच गोळी, सहा महिने तेच केलं. मग एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं कशाबरोबर घेता, आणि त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर लोह अंगी लागतच नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, दोन्ही गोळ्यांत दोन तास तरी जाऊ द्या. शेवटी सलाईनमधून लोह चढवावं लागलं, ते पहिले तीन महिने झाल्यावरच देतात. तू आजच सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करून घे, थांबू नकोस.

दुसरं म्हणजे माझी वार (प्लासेंटा) खाली होती. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दिसलं की वार खाली, पुढच्या बाजूला, जुन्या टाक्यावरच बसलीय की काय अशी शंका. मग 32 आठवड्यांना परत बघितली, रक्तप्रवाह दाखवणारी कलर डॉपलर केली, तेव्हा बरीच वर सरकली होती आणि टाक्यात रुतलेली नव्हती. पण मधले तीन महिने ह्यांनी आणि दोन्ही दिरांनी आपले ब्लड ग्रुप लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की एका सिझरनंतर वार खाली आली तर 100 पैकी 11 जणींची टाक्याला घट्ट चिकटते, दोन सिझरनंतर 40 जणींची. म्हणून सोनोग्राफीवालीला तोंडाने सांगायचं, "मागचं सिझर आहे, वार टाक्यापासून किती लांब आहे ते लिहा". न सांगता काही जणी लिहीत नाहीत.

निवृत्त_सिस्टर

पोरी, मी 31 वर्षं लेबर रूममध्ये काढली आहेत, म्हणून जरा हक्काने लिहिते.

सगळ्यात आधी ती मेडिकलची गोळी. घेऊ नकोस. ठेवायचं की नाही तो निर्णय तुझा आहे, त्यात मला पडायचं नाही. पण मूल कुठे बसलंय हे सोनोग्राफीने बघितल्याशिवाय गोळी घेणं म्हणजे जीव टांगणीला लावणं आहे. सिझर झालेल्या बाईत क्वचित गर्भ त्या जुन्या टाक्यातच रुजतो, कधी नळीत रुजतो, आणि लघवीच्या टेस्टला ते कळत नाही, तिला फक्त दोन रेघा माहीत. अशा बाईने घरी गोळी घेतली आणि रात्री 2 वाजता पांढरीफटक होऊन आली, हे मी या डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, अनेकदा. तेव्हा आधी सोनोग्राफी, आतून करतात ती. आता तुझे 41 दिवस झालेत, आठवडाभराने केलीस तर गर्भाशयाच्या पिशवीत गर्भाची थैली आणि ठोका दोन्ही दिसतील. मधे पोटात एका बाजूला जोरात दुखलं, अंगावर लाल गेलं, चक्कर आली तर मात्र आठवडा बघायचा नाही, त्याच घटकेला जायचं.

आणि नकोच असेल तर आपल्याकडे 1971 पासून कायदा आहे, 2021 मध्ये तो सुधारला. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, गर्भनिरोधक फसलं हे कारण चालतं, आणि 18 च्या वरच्या बाईला फक्त तिची स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. हे मुद्दाम लिहितेय कारण कितीतरी जणी नवऱ्याची सही लागते म्हणून चोरून गोळ्या घेतात.

आता टाक्याचं. वरचा टाका आणि पिशवीचा टाका हे दोन वेगळे. तुला जो बधिरपणा वाटतो तो वरच्या कातडीच्या कापलेल्या नसांचा, वर्षभर राहू शकतो, त्याचा पिशवीशी संबंध नाही. चिऊ पोटावर उभी राहिल्याने पिशवी उसवत नाही. पण वरून आडवा टाका दिसतो म्हणून आतही आडवाच असेल असं धरून चालू नकोस. बहुतेकींचा आत खालच्या भागात आडवाच असतो, तो चांगला. काहींना, विशेषतः खूप लवकर मूल काढावं लागलं किंवा मूल आडवं होतं तर, पिशवीला उभा छेद द्यावा लागतो, त्या बाईला पुढे कळा देऊ देतच नाहीत. हे तुझ्या डिस्चार्ज कार्डावरच्या चार अक्षरांत पूर्ण कळणार नाही. ते ओटी नोटमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या नोंदीत असतं. कुठे छेद दिला, किती पदरी शिवला, का केलं, सगळं.

म्हणून उद्या ह्यांना घेऊन जा त्या हॉस्पिटलात आणि लेखी अर्ज दे की माझ्या ऑपरेशनच्या कागदांची कॉपी पाहिजे. पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असतात, आणि तीन वर्षं ते सांभाळून ठेवायचे असतात, हा डॉक्टरांच्या कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे. भांडायला जाऊ नकोस, कागद घ्यायला जा. माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रश्नांची अर्धी उत्तरं त्या एका पानावर आहेत.

अंतराचं खरं सांगते. एका बाळंतपणानंतर दोन वर्षं तरी पुढचे दिवस जाऊ देऊ नयेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, म्हणजे तुझं लवकर झालंय. हिशोब केला तर हे मूल होईल तेव्हा चिऊ साधारण 17 महिन्यांची असेल. दोन बाळंतपणांत 18-19 महिन्यांपेक्षा कमी अंतर असलं आणि कळा दिल्या तर आतला टाका सुटायचा धोका वाढतो. त्यामुळे तुला बहुतेक परत सिझरच सुचवतील, 39 आठवड्यांच्या सुमाराला, आणि माझ्या अनुभवाने तो काही वाईट सल्ला नाही. पण तो सल्ला तुझे कागद बघून द्यायला हवा, "एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" असं उडवून लावून नाही.

दूध बंद करू नकोस. पोटुशीचं दूध बाधतं वगैरे म्हणतात ते खरं नाही. रक्तस्राव नसेल, लवकर कळा येण्याची भीती नसेल तर खुशाल पाज. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते आपोआप कमी होईल. फक्त तू दोघांचं खातेस हे विसरू नकोस.

आणि दूध पाजताना दिवस जात नाहीत, यात तीन अटी एकदम लागतात. मूल सहा महिन्यांच्या आतलं, पाणीसुद्धा न देता फक्त अंगावरचं, आणि पाळी परत आलेली नाही. तुझ्या तिन्ही मोडल्या होत्या. तुझी चूक नाही, तुला कोणी बसवून सांगितलं नाही.

स्नेहलतागंज

सिस्टर काकू, तुमचं लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, मला हे सगळं पाच वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

मी दुसरी बाजू सांगते. माझं पहिलं सिझर, कारण मुलगा पायाळू होता. दुसरी मुलगी सव्वातीन वर्षांनी नॉर्मल झाली. डॉक्टर आधीच म्हणाल्या होत्या की तुमचं कारण परत येईलच असं नाही, त्यामुळे चान्स चांगला आहे, साधारण 100 पैकी 60 ते 80 जणींना जमतं. आणि टाका सुटायची शक्यता 200 मध्ये एखादी, पण सुटला तर मिनिटं हातात असतात, म्हणून जिथे 24 तास ओटी, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त हजर आहे तिथेच. छोट्या नर्सिंग होमला त्यांनी स्वतःच नको म्हटलं.

मला आठवतंय ते असं की पाणी गेलं रंगपंचमीच्या सकाळी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मोठी मिरवणूक, निघालेली, सगळे रस्ते बंद, माणसांचा पूर, रंगाच्या मिसाइली उडताहेत आणि मी गाडीत मागे आडवी, आणि हे पोलिसांना हात जोडताहेत. कशीबशी लांबून फिरून पोचलो. त्यानंतर मी सगळ्यांना सांगते, शेवटचा महिना लागला की घरापासून हॉस्पिटलचे दोन रस्ते बघून ठेवा, सणवार धरून.

तिथे पूर्ण वेळ पोटाला तो पट्टा, बाळाच्या ठोक्यांचा आवाज खोलीभर. दर थोड्या वेळाने विचारायचे, दोन कळांच्या मधे पण दुखतंय का, टाक्यावर दाबलं तर दुखतं का. कळा मधेच ढिल्या पडल्या तेव्हा माझी जाऊ म्हणाली गोळी ठेवून वाढवा ना, तर डॉक्टर म्हणाल्या सिझर झालेल्या पिशवीला कळा वाढवायची ती गोळी मी देणार नाही, वाट बघू, नाहीतर आत जाऊ. मला तेव्हा त्यांचा खूप आधार वाटला. सात तासांनी झाली.

पण चिऊच्या आई, माझं अंतर सव्वातीन वर्षं होतं. तुझ्या जागी असते तर मी नॉर्मलचा हट्ट धरला नसता, हे मनापासून सांगते. माझी गोष्ट ऐकून कोणी तुला "बघ तिचं झालं" म्हणेल, म्हणून लिहितेय.

दोन_मुलींचा_बाबा

बायकांच्या चर्चेत मधेच लिहितोय, माफ करा. दुसऱ्या सिझरनंतर माझ्या बायकोला डॉक्टरांनी विचारलं की लगेच नसबंदी करून टाकू का, ती टेबलावर, अर्धवट गुंगीत. मी म्हटलं दोनदा पोट फाडून घेतलंय तिने, आता माझी पाळी. सरकारी दवाखान्यात बिनटाक्याची नसबंदी करून घेतली, फक्त जागा बधिर केली, अर्ध्या तासात उठलो, तीन-चार दिवस जड उचललं नाही. तीन महिने तरी निरोध वापरावा लागतो आणि मग तपासणी करून खात्री करायची, हे नीट लक्षात ठेवा. ताकद वगैरे काही जात नाही. तुमच्या मिस्टरांना माझ्याशी बोलायचं असेल तर निःसंकोच मेसेज करायला सांगा.

चिऊचीआई_इंदूर

सगळ्यांना उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, सॉरी. काय काय झालं सांगते.

कागद मिळाले. पहिल्यांदा काउंटरवरच्या माणसाने उद्या या, परवा या केलं, मग सिस्टर काकूंनी सांगितलं तसा लेखी अर्ज दिला, शिक्का घेतला आणि तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात. चिऊला मांडीवर घेऊन तिथल्याच बाकावर बसून वाचलं, अर्धं कळलं नाही, पण एक ओळ कळली. बाळाचे ठोके 90 पर्यंत उतरले होते आणि पाणी हिरवं झालं होतं. रस्ता लहान वगैरे कुठेच काही लिहिलेलं नाही. छेद खालच्या भागात, आडवा, दोन पदरी शिवलेला. मी तिथेच रडले. नऊ महिने मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, मी नीट जोर लावला नाही. ह्यांना ते पान वाचून दाखवलं तर ते पण गप्प झाले, मग म्हणाले त्या रात्री मला बाहेर कोणी काहीच सांगत नव्हतं.

काल सोनोग्राफी झाली. थैली पिशवीत वरच्या बाजूला आहे, टाक्यापासून लांब, 7 आठवडे, ठोका दिसला, स्क्रीनवर बारीकसं लुकलुकत होतं. आम्ही ठेवायचं ठरवलंय. सासूबाईंनी म्हटलं म्हणून नाही, दोन दिवस मी आणि हे दोघंच बोललो आणि मग ठरवलं. आईला ओटी नोटचा फोटो पाठवला, तिला काय कळणार, पण आडवा टाका आहे म्हटल्यावर तिचा आवाज जरा बदलला.

हिमोग्लोबिन 9.6 आलं. वहिनी, तुमचं वाचल्या दिवसापासून चहा आणि गोळी वेगळी केलीय, गोळी दुपारी लिंबूपाण्याबरोबर. डॉक्टर म्हणाल्या अंतर कमी आहे म्हणून सिझरच ठरवून करू, तारीख नंतर, आणि कागद बघून म्हणाल्या हे आणलंत ते फार बरं केलंत. बाबा दादा, ह्यांनी तुमचा मेसेज दोनदा वाचला, काही बोलले नाहीत, पण नंबर सेव्ह केलाय.

एक विचारायचं राहिलं सिस्टर काकू, चिऊला उचलू का? ती सारखी हात वर करते.

निवृत्त_सिस्टर

उचल की गं. फक्त उभ्याने वाकून उचलू नकोस, आधी तू खाली बस, तिला जवळ घे, मग पायांवर जोर देऊन ऊठ. तिला पलंगावर चढायला शिकव, म्हणजे सहाव्या महिन्यानंतर ती स्वतः तुझ्याकडे येईल.

आणि त्या ओटी नोटच्या तीन झेरॉक्स काढ. एक फाइलमध्ये, एक ह्यांच्या पाकिटात, एक देवासला आईकडे. कारण सातव्या महिन्यात तू माहेरी गेलीस आणि रात्री काही झालं तर तिथल्या डॉक्टरला पहिल्यांदा तोच कागद लागेल. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्वची मोफत तपासणी असते, मागचं सिझर म्हटल्यावर कार्डावर लाल स्टिकर लावतील, घाबरू नकोस. लाल म्हणजे तुझ्याकडे जास्त लक्ष द्यायचं एवढंच. नंतरच्या गर्भनिरोधकाचं पण आत्ताच सांगून ठेव. तांबी सिझरच्या वेळीच बसवता येते, पण टेबलावर चढायच्या आधी, शुद्धीवर असताना हो किंवा नाही म्हण.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली की वार कुठे आहे ते इथे लिही. मी बघत राहीन.

चिऊचीआई_इंदूर

लिहिते काकू. झेरॉक्स आजच काढल्या, चौथी चिऊने तोंडात घातली.